कच्ची वही आणणारा उमराव

आमच्या वाचनमंडळात गेले दोन महिने एकाच माणसावरून भांडण चाललंय. ते भलत्याच मुद्द्यावरून चाललंय असं माझं मत झालं, म्हणून लिहायला बसलो. माणूस म्हणजे मिक्लोश बान्फी. ट्रान्सिल्व्हेनियातला हंगेरियन काउंट, जन्म १८७३, मृत्यू १९५०. खासदार, बुडापेस्टच्या ऑपेराचा आणि राष्ट्रीय रंगभूमीचा संचालक, वीसेक महिने हंगेरीचा परराष्ट्रमंत्री, आणि एवढं सगळं करून झाल्यावर साठीच्या सुमारास हाती घेतलेल्या तीन खंडी कादंबरीचा लेखक. इंग्रजी भाषांतराची जवळपास चौदाशे पानं आम्ही आळीपाळीनं वाचली. मंडळातला तरुण प्राध्यापक म्हणाला, "काका, पिढ्यानपिढ्या कुळांच्या घामावर जगलेल्या माणसाचे उसासे आपण कशाला ऐकायचे?" इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाई उसळल्या, "अरे, असा सुसंस्कृत, उदार माणूस त्या काळात दुसरा दाखव!" मग एकानं त्याचा वाडा, जमिनी, नोकरचाकर मोजायचे आणि दुसऱ्यानं त्याची चित्रकला, नाटकं, सहा भाषांतलं वाचन मोजायचं. दोघंही मोजत होते ते बान्फीला. त्यानं लिहिलेलं मोजायला कुणीच तयार नव्हतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बान्फी स्वच्छ होता का, हा प्रश्नच गैरलागू आहे. तो स्वच्छ नव्हता. पण त्यानं आपल्या वर्गाबद्दल जे लिहून ठेवलं ते बाहेरच्या कुणाला लिहिता आलं नसतं आणि आतल्या दुसऱ्या कुणी लिहिलं नसतं.

हे मी साहित्याचा अभ्यासक म्हणून सांगत नाही, तो मी नाहीच. एकतीस वर्षं सहकारी संस्थांची लेखापरीक्षणं केली. अफरातफर पक्क्या खतावणीवरून सापडते असा लोकांचा समज असतो. तो खोटा. खतावणी बघायला नेहमीच सुंदर असते, दोन्ही बाजूंच्या बेरजा पैशापर्यंत जुळलेल्या. अफरातफर सापडते ती आतल्याच कुणीतरी कच्ची वही टेबलावर आणून ठेवली म्हणून. एका गावी विकास सोसायटीचा जुना गुमास्ता रात्री साडेनऊला माझ्या खोलीवर आला होता. युरियाच्या पोत्यात गुंडाळलेली लाल कापडी बांधणीची वही त्यानं कॉटवर ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता गेला. त्या वहीत कुणाच्या नावावर बेनामी कर्ज, कुणाचं दर मार्चला नवं-जुनं, सगळं त्याच्याच अक्षरात होतं. चौदाव्या पानावर त्याच्या स्वतःच्या मेव्हणीच्या नावचंही कर्ज होतं. तो साधू नव्हता. मग मी ती वही परत करायला हवी होती का? मी काय केलं ते सांगतो. प्रत्येक नोंद बाहेरच्या कागदांशी ताडून पाहिली. जुळल्या तेवढ्या अहवालात घेतल्या, आणि मेव्हणीचं कर्जही घेतलं.

बान्फीच्या कादंबरीची नावंच मुळी हिशेबातली आहेत. 'तू मोजला गेलास' (१९३४), 'आणि उणा ठरलास' (१९३७), 'तुझे तुकडे होतील' (१९४०). बायबलातल्या दानिएलाच्या पुस्तकातला प्रसंग आहे. बेलशस्सर राजाची मेजवानी रंगात आलेली असताना एक हात भिंतीवर लिहितो, 'मने, मने, तकेल, ऊफारसीन'. मोजलं, तोललं, वाटून टाकलं. कादंबरी सुरू होते १९०४ मध्ये आणि संपते १९१४ मध्ये, नायक बालिंत आबादी युद्धावर निघतो तिथे. मधल्या दहा वर्षांत नाच, शिकारी, घोडे, द्वंद्वयुद्धं, जुगार, कर्ज. आबादीचा नात्यातला भाऊ लास्लो ग्येरोफी, संगीताचं खरं देणं लाभलेला पोरगा, पत्त्यांत आणि दारूत डोळ्यांदेखत संपत जातो. आबादीचं एका विवाहितेवरचं प्रेम आहे, तेही लांबण लावून. ही पानं सुंदर आहेत आणि प्राध्यापकाला ती सुंदर आहेत याचाच राग आहे. तो राग मला कळतो. पण मेजवानीचं वर्णन नीट केल्याशिवाय भिंतीवरच्या अक्षरांची भीती कशी वाटणार?

आता नोंदी ताडून पाहू. पहिल्या खंडाच्या पाठीमागे हंगेरीच्या संसदेतला तमाशा चालू आहे. विरोधक भाषणं लांबवून कामकाज बंद पाडतात, म्हणून पंतप्रधान इश्तवान तिसाला सभागृहाचे नियम बदलायचे आहेत. १८ नोव्हेंबर १९०४ ची रात्र. गोंधळात सभापती देझ्यो पेर्त्सेल खिशातला रुमाल हलवतो, त्या इशाऱ्यावर सरकार पक्षाचे लोक उठून ओरडतात, आणि ठराव मंजूर! ठराव ज्याच्या नावानं ओळखला गेला त्या खासदाराचं आडनाव दानिएल, हा इतिहासाचा खट्याळपणा. पुढे १३ डिसेंबरला विरोधकांनी सभागृहातली बाकं आणि मेजं मोडून टाकली. जानेवारीच्या निवडणुकीत तीस वर्षं सत्तेवर असलेला उदारमतवादी पक्ष पडला. हे वाचताना मला बुडापेस्ट दिसत नव्हतं. मंडपात भरलेली वार्षिक सर्वसाधारण सभा दिसत होती: अध्यक्ष विषय क्रमांक सहा वाचायला तोंड उघडतो न उघडतो तोच पुढच्या तीन रांगांतून 'मंजूर, मंजूर', आणि माइक बंद. फरक एवढाच की आपल्याकडे रुमाल लागत नाही.

आणि भांडण कशावरून होतं? ऑस्ट्रियाबरोबरच्या सामायिक सैन्यात हुकूम जर्मनमध्ये द्यायचे की हंगेरियनमध्ये, अधिकाऱ्यांच्या तलवारीचा गोंडा कोणत्या रंगाचा असावा, यांवरून. त्याच देशात मताचा अधिकार लोकसंख्येच्या जेमतेम सहा टक्के लोकांना होता. १९१० च्या जनगणनेत, क्रोएशिया बाजूला ठेवला तर, हंगेरियन मातृभाषा सांगणारे साडेचोपन्न टक्के भरले. ट्रान्सिल्व्हेनियात तर निम्म्याहून जास्त लोक रोमानियन होते. म्हणजे जो मोजायला हवा होता तो आकडा समोर छापील होता आणि सभागृह गोंड्यात गुंतलं होतं. बान्फी १९०१ मध्ये निवडून आलेला खासदार. त्यानं हे कुठे वाचून लिहिलं नाही, पाहून लिहिलं. त्याच्या पानांत सगळ्यात जास्त जाळणारी गोष्ट दुष्टपणा नाहीच. माणसं गोड आहेत, शूर आहेत, मित्रासाठी जीव देणारी आहेत. फक्त त्यांना आपल्या क्लबाबाहेर जग आहे याची खबर नाही.

ही वही त्यानं टेबलावर केव्हा ठेवली तेही बघायला हवं. ४ जून १९२० च्या त्रिआनोन तहानं हंगेरीचा दोन तृतीयांशाहून अधिक मुलूख गेला, ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियाकडे. त्यानंतरची वीस वर्षं सगळा देश 'नाही, नाही, कधीच नाही' अशी घोषणा देत होता. शाळेत मुलं त्यासाठी प्रार्थना म्हणत, झेंडे अर्ध्यावर उतरवलेले. दोष फ्रेंचांचा, चेकांचा, रोमानियनांचा, ज्यूंचा. अशा वेळी स्वतः जुन्या घराण्यातला, माजी परराष्ट्रमंत्री उठतो आणि म्हणतो की बाबांनो, तुकडे होण्याआधी आपण तोलले गेलो होतो, आणि वजनात कमी भरलो. तिसरा खंड निघाला त्याच १९४० च्या ऑगस्टअखेर जर्मनी-इटलीच्या निवाड्यानं उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीला परत मिळाला. तिथलं मोठं शहर कोलोझ्वार, त्याच्या रस्त्यांवर फुलं उधळली जात होती. अशा वर्षात 'तुझे तुकडे होतील' नावाचं पुस्तक छापणाऱ्याला हळवा म्हणायचं?

तरी विरोधी बाजूचे मुद्दे हलके नाहीत, आणि बाई ते टाळतात. १९०६ नंतर काही वर्षं बान्फी कोलोझ परगण्याचा सरकारनियुक्त प्रमुख होता. म्हणजे सरकारचा हातच. त्याच काळात, १९०७ मध्ये, आपोन्यीचा शिक्षण कायदा आला आणि रोमानियन, स्लोव्हाक शाळांवर हंगेरियन भाषेची सक्ती आवळली गेली. १९२१-२२ मध्ये तो हंगेरीचा राजप्रतिनिधी होर्ती याच्या राजवटीत मंत्री होता, विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित करणारा १९२० चा कायदा तेव्हा लागू होता. त्या वीस महिन्यांत शोप्रोन हे सीमेवरचं शहर कुणाचं यावर सार्वमत झालं, राष्ट्रसंघात हंगेरीला जागा मिळाली, ही कामं त्याच्या नावावर जमा आहेतच. पण जमेची बाजू दाखवून नावेची बाजू पुसता येत नाही. पुढे रोमानियाचं नागरिकत्व घेऊन तो घरी परतला, आणि राजा कॅरोलच्या एकाधिकारशाहीत हंगेरियन अल्पसंख्याकांच्या संघटनेचं प्रमुखपदही त्यानं घेतलं. प्रत्येक वेळी कारण होतं. कारण नेहमीच असतं. गुमास्त्याकडेही मेव्हणीच्या कर्जाचं कारण होतं.

सगळ्यात जड मुद्दा मात्र वेगळाच आहे: कादंबरीत कुळं कुठे आहेत? डोंगरातले रोमानियन लाकूडतोडे येतात, टोप्या काढतात, तक्रार सांगतात, जातात. त्यांच्या घरात रात्री काय बोललं जातं हे बान्फीला ठाऊक नाही. प्राध्यापकाचा हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पण त्याचा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि त्याला कारण आहे तिमिशान नावाचा म्हातारा रोमानियन वकील. १८९४ मध्ये कोलोझ्वारला रोमानियन पुढाऱ्यांवर खटला भरून त्यांना तुरुंगात धाडलं होतं, त्या खटल्याची सावली घेऊन आलेलं हे पात्र. आबादी त्याच्याकडे मोठ्या सात्त्विक संतापानं जातो. तुमच्याच रोमानियन बँकेच्या पैशावर गावातले सावकार तुमच्याच गरिबांना लुबाडतायत, हे थांबवा, म्हणतो. म्हातारा शांतपणे सांगतो की आम्हाला आमचा मातब्बर वर्ग उभा करायचा आहे, आणि तुमची घराणी तरी कशी उभी राहिली होती? आबादीकडे उत्तर नाही. मला वाटतं, लेखकाकडेही नव्हतं. जमीनदारानं लिहिलेल्या पुस्तकात जमीनदाराला निरुत्तर करणारा माणूस दुसऱ्या बाजूचा आहे आणि लेखकानं त्याला लबाड ठरवून आपली सुटका करून घेतलेली नाही. हळव्या आठवणी लिहिणारा हे पान फाडून टाकतो.

थोडं सहकारावर, कारण इथे मला अधिकार आहे आणि मंडळातल्या बाकीच्यांनी ही पानं चाळून पुढे टाकली. आबादीच्या डोक्यात गावोगाव सहकारी पतपेढ्या काढायचं खूळ आहे. हे खूळ हवेतून आलेलं नाही. जर्मनीतल्या रायफायझेनच्या धर्तीवर काउंट शांदोर कारोयीनं हंगेरीत ही चळवळ उभी केली होती, १८९८ मध्ये तिथे मध्यवर्ती पतसंस्थेचा कायदा झाला. त्याच रायफायझेनचं नाव घेऊन फ्रेडरिक निकल्सननं मद्रास सरकारला अहवाल दिला, आणि १९०४ मध्ये, म्हणजे कादंबरी सुरू होते त्याच साली, आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. सुप्याला कर्जरोखे जाळले गेले त्याला तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती. एकाच बियाण्याची दोन शेतं! रायफायझेनचं मर्म असं की सभासद एकमेकांना चेहऱ्यानं ओळखतात, आणि एकाचं कर्ज बुडालं तर सगळ्यांच्या खिशाला चाट बसते. म्हणून गावच गावावर नजर ठेवतं. आबादीच्या संस्था तशा नाहीत. मालकांनी सांगितलं म्हणून काढलेल्या, मालकांची पाठ फिरली की गावचा नोटरी आणि सावकार त्यांच्यावर बसायला मोकळे. १९०४ चा आपला कायदाही वरून आलेला, निबंधकाच्या शिक्क्यानं चालणारा. त्याचं पुढे काय काय झालं हे मी वेतनासाठी पाहिलंय. तर, उदार उमरावाचा सहकार फसला हा प्राध्यापकाचा टोमणा बरोबरच आहे. फक्त तो टोमणा बान्फीनं आधीच मारून ठेवलाय. आबादीची धडपड कशी तुटपुंजी, वेळ गेल्यावरची आणि काहीशी स्वतःच्या समाधानासाठीची आहे, हे आपल्याला कळतं ते त्याच्याच पुस्तकातून.

आता बाईंच्या बाजूकडे. त्यांचा सगळ्यात आवडता दाखला म्हणजे बान्फीचा बोन्चिदाचा वाडा. १९४३ मध्ये, सत्तरीला टेकलेला बान्फी बुखारेस्टला गेला, हंगेरी आणि रोमानियानं मिळून जर्मनीची साथ सोडावी म्हणून बोलणी करायला. ट्रान्सिल्व्हेनियाच्या प्रश्नावर बोलणी अडली. पुढल्या वर्षी माघार घेणाऱ्या जर्मन फौजेनं वाडा लुटला आणि जाळला, ग्रंथसंग्रह आणि पूर्वजांची चित्रं गेली. तो सूड होता असं सांगतात. मग राजवट बदलली. बायको आणि मुलगी बुडापेस्टला, हा कोलोझ्वारला, मध्ये बंद सीमा. १९४९ मध्ये जाऊ दिलं, १९५० मध्ये गेला. ऐकून गलबलतं, नाही असं नाही. पण वाडा जळाला म्हणून वही खरी ठरते का? दुःख भोगणं हा पुरावा नव्हे. ट्रान्सिल्व्हेनियात त्या दशकात ज्यांच्याकडे जाळायला वाडा नव्हता अशा लाखो माणसांचं सर्वस्व गेलं, कोलोझ्वारच्या ज्यूंना तर १९४४ च्या मे-जूनमध्येच विटांच्या भट्टीवर कोंडून आउशवित्झला नेलं होतं. बान्फीची थोरवी त्याच्या नुकसानीवर उभी करायची तर तिची उंची फार राहणार नाही.

बाईंनी दाखवायला हवं होतं ते वेगळंच पान. ३० डिसेंबर १९१६, योगायोगानं बान्फीचा त्रेचाळिसावा वाढदिवस. शेवटच्या हॅब्सबर्ग राजाचा बुडापेस्टला राज्याभिषेक, आणि मात्यास चर्चची सजावट बान्फीकडे. महायुद्ध ऐन भरात, तरी मखमल, जरी, पिसं, रत्नं, सगळं यथासांग. आपल्या आठवणींत तो लिहितो की झगमगाट बाहेर पडल्यावर ज्यांना राजानं 'सोनेरी आर' (घोडेस्वाराच्या टाचेची) या मानाचे सरदार करायचं होतं ते आघाडीवरचे अधिकारी पुढे आले. करड्या, विटलेल्या गणवेशातले, कुबड्यांवरचे, लाकडी पायाचे. फरशीवर त्या कुबड्यांचा आवाज. ज्यानं मखमल टांगली त्याच माणसानं हे पाहिलं आणि लिहिलं. संगीतकार बार्तोकची 'लाकडी राजपुत्र' आणि 'ब्लूबियर्डचा किल्ला' ही कामं याच संचालकानं युद्धाच्या शेवटच्या दोन वर्षांत रंगमंचावर आणली, हेही लक्षात ठेवायला हरकत नाही. त्याला देखावा कसा उभारतात हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो फाटलेला कुठे आहे हेही दिसलं.

प्राध्यापकानं शेवटचा बाण काढला: "बोलायला काय जातं? सगळं भोगून झाल्यावर पश्चात्ताप." मला लोकहितवादी आठवले. गोपाळ हरी देशमुखांचे वडील बापू गोखल्यांचे फडणीस. पेशवाई बुडाली तेव्हा ज्यांचं बुडालं त्यातलंच हे घर. १८४८ पासून याच घरातल्या पंचविशीच्या मुलानं 'प्रभाकर'मधून शंभरावर पत्रं लिहून आपल्याच जातीला सांगितलं की राज्य इंग्रजांनी नुसतं घेतलं नाही, तुम्ही ते आधीच घालवलं होतं. तोही इंग्रजांचा नोकर होता, पुढे न्यायाधीश झाला, आणि हा आक्षेप त्याच्यावर तेव्हापासून आजपर्यंत घेतला जातोय. घ्यावाच. पण जोतीराव फुल्यांनी बाहेरून जे मांडलं त्याला आतून दुजोरा देणारा कागद मिळाला तो या पत्रांचा. दुजोऱ्यानं मूळ आरोपाची जागा घ्यायची नसते. ती बान्फीलाही देऊ नये. मी एवढंच म्हणतो की कागद फायलीतून काढून टाकू नका. हंगेरीतल्या समाजवादी राजवटीनं तो काढून टाकला होता. उमरावाचं पुस्तक म्हणून त्रयी पुन्हा छापलीच गेली नाही, १९८२ पर्यंत. म्हणजे प्राध्यापकाचा युक्तिवाद तिथे सरकारी धोरण म्हणून जवळपास पस्तीस वर्षं राबवून झालाय. त्यानं कुळांचा आवाज मोठा झाला असं काही कुणी दाखवून दिलेलं नाही.

ताळा मात्र जुळवायचा राहिलाय, आणि तो बान्फीच्या वहीतून जुळणार नाही. त्याच ट्रान्सिल्व्हेनियातल्या रोमानियन खेड्यात जमिनीच्या तुकड्यासाठी वेडापिसा झालेल्या शेतकऱ्यावर लिव्हिउ रेब्रेआनूनं १९२० मध्ये 'इओन' लिहिली, बान्फीच्या चौदा वर्षं आधी. तिथे काउंट नाहीत, नाच नाहीत. शेताच्या बांधावर वाकून मातीचं चुंबन घेणारा माणूस आहे. मी ती परवा मंडळात सुचवली. बाई म्हणाल्या, आधी तिसरा खंड संपवू. प्राध्यापक काही बोलला नाही. 'इओन'ची प्रत आमच्यात एकच आहे आणि ती सध्या त्याच्याकडे आहे. जाताना त्यानं बान्फीचा दुसरा खंडही पिशवीत टाकला. कशाला, ते मी विचारलं नाही.